फोटोपाशी नाही, ताटांपाशी

"तुमची सरूबाई नवऱ्याच्या फोटोपाशी रडत नाही आणि जर्मनच्या ताटांपाशी रडते. असं का हो?"

हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता तो अर्ध्यावर आला की पुढचा मीच पुरा करते. लालबागला एका कार्यक्रमानंतर एका आजोबांनी विचारला. एका ओळखीच्या बाईंनी तर दादरच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत दंडाला धरून थांबवून विचारला. मागून येणाऱ्यांनी आमच्या दोघींचा उद्धार केला तो वेगळाच. माझ्या इतर कथांतल्या माणसांबद्दलही हीच तक्रार असते. एवढ्यातेवढ्यावरून रडतात म्हणे. दरवेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून सटकते. आता तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

कथा न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. सरूबाई परळच्या चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवते. वर्ष 1982. नवरा आदल्या पावसाळ्यात गेलाय. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं, जी ती बाई पाठीवर हात ठेवून "रडून घे गं, मोकळी हो" म्हणणार, आणि ही कोरडी ठाक. मग 18 जानेवारीला संप सुरू होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तिच्याकडे जेवणारे एकेक करून गावाकडे निघतात, कुणी कोकणात, कुणी साताऱ्याला, "आठ-पंधरा दिवसांत येतोच" असं सांगून. मे महिन्यातल्या एका सकाळी सरूबाई मोरीतून त्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटांची चळत उचलते आणि तिथेच खाली बसते.

आता ती उचलते कशी, ते बघा. बत्तीस ताटांचं वजन तिच्या हाताला वर्षानुवर्षं पाठ आहे. बोटं किती पसरायची, कमरेत किती वाकायचं, श्वास कुठे धरायचा, सगळं ठरलेलं. त्या दिवशी चळतीत सात ताटं असतात. हे तिला ठाऊक असतं, तिनेच तर घासलेली. पण हाताला कुणी सांगितलेलं नसतं. हात बत्तिसांचा जोर लावतो आणि चळत उडाल्यासारखी वर येते. भरलेली समजून रिकामी कळशी उचलली की कसं होतं? तसं. वरचं ताट घरंगळत मोरीत पडतं, गोल गोल फिरत आवाज करतं, आणि ते थांबेपर्यंत बाई रडायला लागलेली असते.

फोटोपाशी असं होत नाही, कारण फोटोला हार ती स्वतः घालते. रोज सकाळी, अंघोळ झाल्यावर. फोटोकडे जाताना मन पदर खोचून जातं. दिवस, वर्षश्राद्ध, त्याचा पेटीतला शर्ट, या सगळ्यांसाठी माणूस आधीच सावरून उभा असतो. ताटांसाठी कोण सावरून उभं राहणार?

हे मी शोधून काढलेलं नाही. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यंत दरबारात निवांत बसलाय. शापामुळे शकुंतलेला साफ विसरलाय. आतून हंसपदिका राणीचं गाणं ऐकू येतं, आंब्याचा मोहोर विसरून कमळात रमलेल्या भुंग्याचं. आणि या सुखी माणसाला एकाएकी हुरहूर लागते. कशाची, ते त्याला कळत नाही. 'रम्याणि वीक्ष्य मधुरांश्च निशम्य शब्दान्' हा श्लोक तिथला. सुंदर काही पाहिल्या-ऐकल्यावर सुखातला माणूसही कासावीस होतो, तेव्हा त्याला नकळत मागच्या जन्मीचे स्नेह आठवत असावेत, असं तो म्हणतो. यातला 'अबोधपूर्वम्' हा शब्द मला फार आवडतो. कळायच्या आधीच. मागचा जन्म वगैरे राजा म्हणतोय, पण प्रेक्षकाला पक्कं ठाऊक आहे की गोष्ट याच जन्मातली आहे आणि शकुंतला थोड्याच वेळात दरबारात येऊन उभी राहणार आहे. पात्राला कारण माहीत नाही, आपल्याला आहे. कालिदासाने सगळा खेळ त्या फटीत केलाय.

भवभूतीने तर याच्यावर अख्खा अंक लिहिला. 'उत्तररामचरिता'त पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच आयुष्याची चित्रं बघतात. रामाचे डोळे तिथेही भरून येतात, पण सीता शेजारी आहे, निभावून जातं. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी तो पंचवटीत येतो. सीतेने वाढवलेला हत्ती, तिने नाचवलेला मोर, तिने जगवलेलं कदंबाचं झाड. राजा मूर्च्छित होतो. संस्कृतवाल्यांकडे याला नावही आहे, उद्दीपन विभाव. शोक आत आहेच, त्याला पेटवणारी काडी म्हणजे उद्दीपन. मराठीत हल्ली आपण ट्रिगर म्हणतो. म्हणा, मलाही तोच शब्द आधी सुचतो.

बरं, ज्याला आपली काडी कुठली ते ठाऊक असतं, तो ती लपवून ठेवतो. 1942 च्या 'कॅसाब्लांका' या सिनेमात रिकने स्वतःच्याच कॅफेत एक गाणं वाजवायला बंदी केलेली असते. बंदी आहे म्हटल्यावर ते वाजणार, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी वाजल्यावर तो तरातरा येतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. सरूबाई मात्र रिकच्या जातीची नाही, दुष्यंताच्या जातीची. ताटांवर बंदी घालावी, हे तिला कुठून सुचणार?

मी काही वर्षं मालिकांचे संवाद लिहायचे. तिथे ताटांचा हा प्रसंग मी एकदा घालून पाहिला होता. "ताटं कुणाला कळणार, मॅडम? फोटो घेऊ, हार घालू, मागे बासरी." झालं. बाई फोटोसमोर रडली, कॅमेरा तीनदा तिच्या तोंडावर गेला आणि माझ्या घरातलं कुणीही रडलं नाही. भाचा तर मधेच पाणी प्यायला उठला.

पण सगळं खापर दुसऱ्यावर फोडायला नको. मीही मार खाल्लाय. बेस्टच्या एका निवृत्त कंडक्टरवर मी कथा लिहिली होती, म्हात्रे नावाच्या. तिकीट पंच करायचा तो चिमटा आठवतोय ना? दांडीवर टिक्‌टिक्‌ वाजवत कंडक्टर पुढे सरकायचा. पुढे हातात मशीन आली, पंच गेले. तर असा काही आवाज आला की म्हात्रेंचा चेहरा पडायचा. पहिल्यांदा कुणीतरी पेनाचं बटण दाबतं तेव्हा, मग नेलकटरच्या आवाजाने, मग गॅसच्या लायटरने. दिवाळी अंकात छापून आल्यावर मैत्रिणीचा फोन आला, "अगं, हा कंडक्टर आहे की दारावरची बेल? बटण दाबलं की वाजतोय."

बरोबर बोलली. खऱ्या माणसाचं असं बटण नसतं. कालच्या गोष्टीने आज काहीच होत नाही. वास घ्या. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत फार लवकर पोहोचते, म्हणून जुन्या ट्रंकेतला डांबराच्या गोळ्यांचा वास डोळ्यांत पाणी आणतो. पण तीच ट्रंक चार दिवस उघडी ठेवा. पाचव्या दिवशी नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास उरतो. मग माणूस ती पुन्हा पुन्हा हुंगत बसतो, काहीतरी होईल म्हणून. मला म्हात्रेंचं हे लिहायला हवं होतं, लायटर वाजला आणि काहीच झालं नाही हे.

15 सप्टेंबर 2023 ला बेस्टची जुनी डबलडेकर शेवटची धावली. 1937 पासून मुंबईत डबलडेकर धावत होत्या. लोक फोटो काढायला जमले होते. माझ्या एका वाचकाने विचारलं, तुमचे म्हात्रे त्या दिवशी खूप रडले असतील ना? छे हो. म्हात्रे त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले असते आणि लोकांना थांब्यांची नावं सांगत बसले असते.

लिहिणाऱ्या मुलांशी बोलायला मला कधीमधी कॉलेजात बोलावतात. एका मुलीने लिहिलं होतं की नायिकेला मोगऱ्याचा वास आला की आजोबा आठवून रडू येतं. वर्गाने माना डोलावल्या. मी विचारलं, गजरा आणायचे कोण? आजोबाच. कुठून? दादरच्या फुलबाजारातून, सकाळी. मग घरी आणायचे कशात? ती थांबली. "ओल्या कागदात. आणि तो कागद शर्टाच्या खिशात." पुन्हा थांबली. "त्यांचा खिसा कायम ओला असायचा. आजी ओरडायची." मग तिला पुढचं बोलता येईना. मोगऱ्यावर निबंधासारखं घडाघडा वाचणारी मुलगी ओल्या खिशापाशी अडकली. मी तिला म्हटलं, आता घरी जा आणि मोगरा खोडून टाक. पाऊसही खोडायला सांगते मी सगळ्यांना, निदान मुंबईत. इथे चार महिने सगळ्यांनाच पाऊस असतो.

सरूबाई ताटांपाशी नक्की कुणासाठी रडली, नवऱ्यासाठी की गावी गेलेल्या त्या पंचवीस जणांसाठी, हाही एक जोडप्रश्न असतो. मला माहीत नाही. तिलाही नाही. ती उठते, तोंड धुते आणि सात जणांचा भात टाकते.

एक गोष्ट मी कार्यक्रमांत सांगत नाही. सरूबाई म्हणजे माझी आजी. म्हणजे, खानावळ आजीची होती. ताटं, हात, मोरी हे मी रचलेलं. कथा छापून आली तेव्हा आईने ती चष्मा लावून दुपारभर वाचली. आजीबद्दल आई कधी फारसं बोलत नाही. अंक मिटला, चष्मा घडी करून वर ठेवला. मी वाट बघत होते.

"बत्तीस नव्हती गं," आई म्हणाली. "सव्वीस. सहा आपली होती, ती वेगळी घासायची."