फेअरफॅक्स की लाउडन: काउंटीची रेघ ओलांडत दोन दिवस

वॉशिंग्टन डी.सी.च्या पश्चिमेला नोकरी मिळाली, घरात चार-पाच वर्षांचं मूल आहे, कडेवर अजून एक आहे, आणि घर शोधायचं आहे. अशा कुटुंबापुढे व्हर्जिनियातल्या दोन शेजारी काउंट्या (जिल्ह्यासारखे विभाग) येतात: फेअरफॅक्स आणि लाउडन. १७५७ साली फेअरफॅक्सचाच पश्चिमेकडचा तुकडा काढून लाउडन झाली, म्हणजे नातं आई-लेकीचं. २०२० च्या जनगणनेत आईकडे साडेअकरा लाख माणसं होती, लेकीकडे चार लाख एकवीस हजार. घरांच्या साइटवर फोटो बघून यातली एक निवडता येत नाही. दोन दिवस काढून ती रेघ स्वतः ओलांडावी लागते. खाली आमचा रस्ता ज्या क्रमाने जातो त्याच क्रमाने लिहितो.

निघायचा दिवस मंगळवार किंवा बुधवार. सोमवारी आणि शुक्रवारी बरीच ऑफिसं घरून चालतात, रस्ते मोकळे दिसतात आणि घर घेणारा फसतो. शनिवारी दुपारी लाउडनमधलं ॲशबर्न बघून "अरे, पंचवीस मिनिटांत आलो की!" म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

संध्याकाळी पाचला टायसन्सला, म्हणजे फेअरफॅक्समधल्या ऑफिसांच्या भागात, मेट्रोच्या सिल्व्हर लाइनमध्ये बसायचं. गाडी पुलावरून खाली उतरते आणि डलेस टोल रोडच्या मधोमध धावू लागते. दोन्ही बाजूंना तांबड्या दिव्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकताना दिसते. वीली-रेस्टन ईस्टपर्यंतचा टप्पा जुलै २०१४ मध्ये सुरू झाला, पुढचा नोव्हेंबर २०२२ मध्ये. रेस्टन टाउन सेंटर, हर्नडन, इनोव्हेशन सेंटर ही फेअरफॅक्समधली. मग डलेस विमानतळ. मग लाउडन गेटवे आणि शेवटचं ॲशबर्न. इनोव्हेशन सेंटरला उतरून पश्चिमेला थोडं चाललं की काउंटी बदलते. तिथे पाटी शोधू नका. फुटपाथ तोच, झाडं तीच, फक्त शाळा, कर आणि कचऱ्याचा हिशेब वेगळा.

लाउडन गेटवेला उतरणारे फारसे दिसत नाहीत. स्टेशनभोवती घरं जवळजवळ नाहीतच, कारण तो विमानांच्या आवाजाचा पट्टा आहे. हा पट्टा काउंटीच्या नकाशावर आखलेला असतो आणि घर घेण्याआधी तो उघडून बघायलाच हवा. डलेसच्या धावपट्ट्यांच्या सरळ रेषेत येणाऱ्या वस्त्यांत दिवसा ऑफिसच्या वेळात घर दाखवलं तर काही जाणवत नाही. रात्री नऊला अंगणात दहा मिनिटं उभं राहा. बाळाच्या झोपेचा प्रश्न तिथेच सुटतो, नाहीतर तिथेच सुरू होतो.

ॲशबर्नहून शहराच्या मध्यावर, मेट्रो सेंटरला जायला तासाच्या वर जातो, टायसन्सला साधारण अर्धा तास. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना मोठी पार्किंग गॅरेजेस आहेत. पण घरापासून स्टेशन, पार्किंग, जिना, गाडीची वाट हे सगळं धरलं की आणखी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. डे-केअर संध्याकाळी सहाला किंवा साडेसहाला बंद होतं आणि उशिराचा दंड मिनिटांवर लावला जातो. हा आकडा आधी कागदावर मांडायचा, घराचा भाव नंतर.

गाडीने जायचं तर ग्रीनवे. लीसबर्गपासून डलेसपर्यंत सुमारे चौदा मैलांचा हा खासगी टोल रस्ता १९९५ साली सुरू झाला, आणि त्याचा टोल हा लाउडनच्या गप्पांचा कायमचा विषय आहे. पुढे डलेस टोल रोडचा वेगळा टोल. ॲशबर्न ते टायसन्स, गर्दीच्या वेळी, दोन्ही मिळून एका बाजूचे दहा डॉलर सहज जातात. महिन्याला वीस दिवस, जाऊन-येऊन: चारशे डॉलर. रूट ७ फुकट आहे. त्याची किंमत मिनिटांत मोजतात.

हा चारशेचा आकडा लक्षात ठेवा, कारण लाउडनकडे ओढणारं सगळ्यात मोठं कारण म्हणजे घरपट्टी. २०२५ साली फेअरफॅक्सचा दर शंभर डॉलरला १.१२२५ आणि लाउडनचा ०.८०५ होता. सात लाखांच्या घरावर ७,८५७ विरुद्ध ५,६३५. फरक वर्षाला २,२२२, महिन्याला सुमारे १८५ डॉलर. रोज टायसन्सला गाडीने जाणाऱ्याची ही बचत हे दोन टोल दुपटीने गिळतात. घरून काम करणाऱ्याला मात्र ती पूर्ण मिळते. म्हणून "लाउडनमध्ये कर कमी" हे वाक्य खरं असलं तरी नोकरी कुठे आहे हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दर कमी का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांनी दिसतं. ॲशबर्नमध्ये वॅक्सपूल रोडच्या आसपास फिरा: खिडक्या नसलेल्या राखाडी चौकोनी इमारती, मैलच्या मैल. ही डेटा सेंटर्स. आतल्या संगणकांवर काउंटी कर घेते आणि त्या पैशावर घरांचा दर खाली ठेवता येतो. बदल्यात छतावरच्या शीतकरण यंत्रांची अखंड घरघर आणि विजेच्या उंच वाहिन्या. घराच्या मागे मोकळं रान दिसलं तर खूश होण्याआधी त्या जमिनीचं झोनिंग काय आहे, म्हणजे तिथे काय बांधायला परवानगी आहे, ते काउंटीच्या ऑनलाइन नकाशात बघा. "मागे झाडी आहे" हे एजंटचं वाक्य दोन वर्षंच टिकू शकतं.

गाड्यांचा करही आहे, आणि भारतातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्याला तो हमखास धक्का देतो. व्हर्जिनियात गाडीच्या किमतीवर दरवर्षी काउंटीला कर द्यावा लागतो. फेअरफॅक्सचा दर शंभराला ४.५७; तीस हजारांच्या गाडीवर सूट धरण्याआधी १,३७१ डॉलर. पहिल्या वीस हजारांवर राज्याकडून काही टक्के सूट मिळते, पण हे टक्के वर्षागणिक बदलतात. लाउडनचा दर खाली असतो. लीजवरची गाडी असली तरी सुटका नाही. बिल लीज कंपनीकडे जातं आणि ती ते तुमच्याकडे सरकवते. राज्यात राहायला आल्यापासून तीस दिवसांत गाडीची नोंदणी, साठ दिवसांत लायसन्स. दोन्ही काउंट्यांत दरवर्षी सेफ्टी इन्स्पेक्शन आणि दोन वर्षांनी धुराची तपासणी, त्यात फरक नाही.

आता रूट ५० धरून शँटिलीकडे या. पत्ता कसा फसवतो ते इथे कळतं. टपालाच्या पत्त्यावर "शँटिली" लिहिलेलं असतं, पण पिन २०१५१ असेल तर घर फेअरफॅक्समध्ये आणि २०१५२ असेल तर बहुतेक वेळा लाउडनमध्ये. साउथ रायडिंग हे या दुसऱ्यातलं. गावाचं नाव एकच, शाळा वेगळ्या, कर वेगळा. दुसऱ्या टोकाला उलटी गंमत: "फॉल्स चर्च" आणि "अलेक्झांड्रिया" पत्त्यांची कितीतरी घरं प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत आहेत, त्या शहरांत नाहीत. व्हर्जिनियात शहर हे काउंटीच्या बाहेरचं स्वतंत्र शासन असतं. टाउन मात्र काउंटीच्या पोटात असतं आणि आपला कर वरून लावतं. हर्नडन, व्हिएन्ना, लीसबर्ग, परसलविल ही टाउन्स. लीसबर्गच्या हद्दीतलं घर आणि हद्दीबाहेरचं घर यांच्या बिलात म्हणूनच फरक पडतो. घरांच्या साइटवर दिलेलं शाळेचं नाव खरं धरू नका. काउंटीच्या शाळा-विभागाच्या साइटवर घर क्रमांकासकट पत्ता टाका, आणि काउंटीच्या मालमत्ता नोंदीत तेच घर शोधा. दोन्ही जुळले तरच पुढे.

शाळांबद्दल जरा थांबून लिहायला हवं. दोन्ही काउंट्यांत मूल ३० सप्टेंबरपर्यंत पाच वर्षांचं झालं तर बालवाडी, म्हणजे किंडरगार्टन. इथपर्यंत सारखं. पण फेअरफॅक्समध्ये बहुतेक प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आणि मिडल स्कूल सातवी-आठवी. लाउडनमध्ये प्राथमिक पाचवीपर्यंत आणि मिडल सहावी ते आठवी. चार वर्षांच्या मुलाला याने काही फरक पडत नाही. त्याच्या दहा वर्षांच्या ताईला पडतो. पाचवी लाउडनमध्ये संपवून ती फेअरफॅक्सला आली तर पुन्हा प्राथमिकमध्ये, लहान मुलांत बसते; फेअरफॅक्सची सहावी करून लाउडनला गेली तर वर्षभर आधीच जमलेल्या कंपूत सातवीला शिरते. मोठं मूल असेल तर काउंटी बदलायचं वर्ष पाचवीच्या आधीचं ठेवा.

हुशार मुलांचा कार्यक्रम हे मराठी घरांतलं दुसरं मोठं कारण. फेअरफॅक्सचा पूर्णवेळ प्रगत वर्ग तिसरीपासून असतो आणि त्याची चाळणी दुसरीत होते. तिसरीत येऊन दाखल झालात तर त्या वर्षीची गाडी बहुधा सुटलेली असते. लाउडनचा फ्यूचुरा वेगळ्या घडणीचा: चौथी-पाचवीच्या मुलांना नेहमीच्या वर्गातून ठरावीक वेळ बाहेर काढून शिकवतात. आमच्या मते मूल चिडचिडं होईपर्यंत कंटाळत असेल तर फेअरफॅक्सची पद्धत बरी. तसं नसेल तर पाच वर्षांच्या पोरासाठी यावर घर ठरवणं घाईचं आहे. आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या, निवडून प्रवेश देणाऱ्या थॉमस जेफरसन हायस्कूलसाठी फेअरफॅक्समध्येच राहावं लागतं हा समज चुकीचा आहे. शाळा त्या काउंटीत आहे, पण लाउडनची मुलंही अर्ज करतात. लाउडनची स्वतःची अशीच शाळा, ॲकॅडमीज ऑफ लाउडन, २०१८ पासून लीसबर्गला आहे.

प्रवेशाला भाडेकरार किंवा खरेदीखत, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि गेल्या बारा महिन्यांतली डॉक्टरची तपासणी व्हर्जिनियाच्या फॉर्मवर लागते. भारतातून येणाऱ्यांची गाडी दोन ठिकाणी अडते. कांजिण्या आणि हिपॅटायटिस-ए या लशी कित्येक मुलांच्या कार्डावर नसतात. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून घेऊन तारखा इंग्रजीत, शिक्क्यासह लिहून आणा. दुसरं, टीबीची तपासणी. बीसीजी दिलेल्या मुलाच्या हातावर त्वचाचाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेचा फेरा लागतो. म्हणून रक्तचाचणी होईल का ते डॉक्टरांना विचारा. घरी कोणती भाषा बोलता या प्रश्नाला मराठी असं खरं उत्तर द्या. मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते, एवढंच. ती टाळायला "इंग्रजी" लिहिणारे आईबाप मुलाला मिळणारी मदत स्वतःच्या हाताने काढून घेतात.

शाळेनंतरचा वेळ सांभाळायला फेअरफॅक्समध्ये सॅक आणि लाउडनमध्ये कासा. दोन्ही काउंटीचेच कार्यक्रम, शाळेच्याच इमारतीत, आणि लोकप्रिय शाळांत जागा लगेच मिळत नाही. शाळा निश्चित झाली त्याच दिवशी नाव घाला. कडेवरच्या बाळासाठी परवानाधारक केंद्रात सोळा महिन्यांपर्यंत चार बाळांमागे एक माणूस हा राज्याचा नियम आहे. म्हणून तान्ह्यांचे वर्ग छोटे, महाग आणि भरलेले असतात. घराआधी डे-केअरला फोन करणं वेडेपणा वाटतो, पण क्रम तोच बरोबर.

परतण्याआधी रूट ७ वरून अजून पश्चिमेला, परसलविलपर्यंत जाऊन या. डोंगराची निळी रेघ समोर येते, मग द्राक्षमळे, मग खडीचे कच्चे रस्ते. इथली घरं स्वस्त वाटली तर विहीर आणि सेप्टिक टाकी तपासायचा खर्च धरा. जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूची तपासणी मात्र दोन्ही काउंट्यांत, तळघर असलेल्या कुठल्याही घरात करायचीच. हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला तर वायू बाहेर काढणारा पाइप बसवून मागा. आणि हे कच्चे रस्ते ॲशबर्नच्या आईबापांनाही लागू होतात. हिवाळ्यात पश्चिमेकडच्या त्या उतारांवर बर्फ गोठला की स्कूलबस जाऊ शकत नाहीत, आणि शाळा अख्ख्या काउंटीच्या बंद होतात. ॲशबर्नमध्ये रस्ता कोरडा, ऊन पडलेलं, ऑफिस चालू, आणि पोरं सकाळी आठला घरात. अशा दिवशी मूल कोणाकडे, हे ठरवून मगच लाउडनच्या भाडेकरारावर सही करा.