बाहेरून चांगलंच दिसणारं आतडं

निपाणीकडच्या एक मावशी, विड्या वळणाऱ्या. दाढ सुजली म्हणून डॉक्टरनी क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलेलं, ते संपल्यावर यांनी मेडिकलमधनं आणखी एक स्ट्रिप आणून खाल्ली. मग जुलाब सुरू; अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि विष सोडणारा एक जंतू माजतो, तसं. त्यावर मेडिकलवाल्यानेच लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी दिली, म्हणजे विष आतच कोंडून ठेवायची सोय. (चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्यांबद्दल बोलायला लागलो तर इथेच रात्र होईल.)

बेळगावला आमच्याकडे आणलं तेव्हा पोट ढोलासारखं ताणलेलं, बीपी लागत नव्हतं, आणि मुलगा खुशीत, "जुलाब थांबल्यात की ओ डॉक्टर, कालपासनं एकदापण नाही!" मला नेमकी त्याचीच धास्ती वाटली. या आजारात जुलाब एकदम थांबले आणि पोट फुगत चाललं की समजायचं मोठं आतडं हलायचंच बंद झालंय. शौचाच्या तपासणीत त्याच जंतूचं, क्लॉस्ट्रिडिऑइडिस (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम) डिफिसाइलचं विष सापडलं, पांढऱ्या पेशी ४० हजारांवर, सीटीत आतड्याची भिंत जाड आणि कोलनचा, म्हणजे मोठ्या आतड्याचा, आडवा भाग ६ सेंमीच्या वर फुगलेला.

या जंतूवरचं अँटिबायोटिक, व्हँकोमायसिन, चालू होतं, पण शिरेतून! ज्युनियरने लिहिलेलं. अहो, शिरेतून दिलेलं व्हँको आतड्याच्या पोकळीत पोचतच नाही, ते नाकातल्या नळीतून ५०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी द्यायचं, आतडं हलत नसेल तर खालून एनिमानेही, आणि शिरेतून मेट्रोनिडॅझोल हे दुसरं अँटिबायोटिक. हे सगळं करूनही संध्याकाळपर्यंत बीपी टिकवायचं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वाढवत न्यावं लागलं आणि रक्तातलं लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडतंय याची खूण) ५ च्या पुढे गेलं. त्याच्याही पुढे वाट बघत बसलं तर ऑपरेशनचा फारसा उपयोग उरत नाही.

संमतीचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, मुलाला वाचता येतं मराठी. सिस्टरने ओळ न् ओळ समजावून सांगितली, पोटावर पिशवी येणार हेही.

पोट उघडलं तर आतडं सुजलेलं, ओलसर, पण गुलाबी. कुठे भोक नाही, काळं पडलेलं नाही. असिस्टंट म्हणाला, "सर, एवढं काय वाईट नाही, उजवी बाजूच काढूया का?" इथेच माणूस फसतो. रोग आतल्या अस्तरात असतो, बाहेरून अंदाजच येत नाही, आणि अर्धं ठेवलं तर ते अर्धं विष सोडतच राहतं. मी गुदाशय ठेवून अख्खं कोलन काढलं आणि लहान आतड्याचं तोंड उजवीकडे पोटावर आणलं.

काढलेला भाग नातेवाईकांना दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. ट्रे बघून मुलगा म्हणाला, "हे तर चांगलंच दिसालंय, भोक कुठाय?" मग मी कात्रीने उभं चिरून दाखवलं, आत सगळीकडे पिवळट खपल्या चिकटलेल्या. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग आतनं औषध सोडून धुता नसतं आलं?"

बारावीसुद्धा न झालेला पोरगा, आणि सर्जन लोक ज्यावर भांडतात तेच त्याने विचारलं. पिट्सबर्गच्या सर्जननी २०११ मध्ये हेच छापलंय, कोलन जागेवर ठेवायचं, फक्त लूप इलिओस्टॉमी करायची (लहान आतड्याचा एक वेढा पोटावर आणून तोंड करायचं), त्यातून ८ लिटर पॉलिइथिलीन ग्लायकॉलने, म्हणजे पोट साफ करायच्या औषधाने, आतडं धुवायचं आणि पुढे दहा दिवस वरून व्हँको सोडत राहायचं. पण आतडं सडलेलं, फुटलेलं असेल किंवा पोटातलं प्रेशर फार चढलं असेल तर काढावंच लागतं. मावशींच्या पोटातलं प्रेशर लघवीच्या नळीतून मोजलेलं, २०-२१, म्हणजे धड इकडे ना तिकडे. मी काढायचं ठरवलं. आजही त्या आकड्यावर मी काढलंच असतं बहुतेक, पण हे "बहुतेक" काही जात नाही.

मावशी वाचल्या, घरी गेल्या. खाली वाकून बसलं की पिशवी सुटते आणि विड्या तर तशाच बसून वळतात, त्यामुळे काम बंद आहे. लूप केलं असतं तरी पिशवी आलीच असती, मान्य, पण ती बंद करणं त्या मानाने लहान काम. आता लहान आतडं गुदाशयाला जोडायचं म्हणजे परत मोठं ऑपरेशन, आणि तेही अंगात ताकद आल्यावर. मुलाला हे सगळं सांगितलंय, त्याने खर्च किती येईल तेवढंच विचारलं.