कांगारू कधी येणार?

मार्च 2012 सुरू झालाय आणि आमच्या शिकागोच्या घरात सध्या दोन गोष्टींची वाट बघणं चालू आहे, एक सचिनची शंभरावी सेंच्युरी आणि दुसरा डिश नेटवर्कचा टीव्हीचा नवीन डबा (सेट टॉप बॉक्स). सचिनला आता वर्ष होत आलं, 99वी मारली ती 12 मार्च 2011 ला नागपूरला (आणि ती मॅचही हरलो), तेव्हापासून घोडं अडलेलं आहे. डब्याचं त्या मानाने बरं, जानेवारी 2012 मध्ये लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात दाखवला आणि 15 मार्चला बाजारात येणार म्हणून जाहीर करून टाकलं. म्हणजे आता थोडेच दिवस. पण घरात सगळ्यात जास्त घाई मला आहे आणि नवऱ्याला अजिबात नाही, हे जरा उलटंच झालंय. त्याचं खरं कारण मला परवा कळलं, ते पुढे सांगते.

आधी डबा काय आहे ते. (आणि हो, हे डिश नेटवर्क म्हणजे आपल्याकडचं झीवाल्यांचं डिश टीव्ही नव्हे, ही कोलोरॅडोची अमेरिकन कंपनी, 1996 पासून ही सेवा देणारी.) मोठ्या डब्याचं नाव हॉपर आणि बाकीच्या खोल्यांमध्ये लावायच्या छोट्या डब्यांचं नाव जोई, म्हणजे कांगारू आणि तिची पिल्लं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सहा महिन्यांसाठी आल्यात नाशिकहून, त्यांना मी लॅपटॉपवर फोटो दाखवला तेव्हापासून रोज चहाच्या वेळी विचारतात, "अगं ते कांगारू कधी येणारे?"

आत्ता आमच्याकडे 722 नावाचा रिसीव्हर आहे. एक डबा, दोन टीव्ही. हॉलमधल्या टीव्हीला झकास एचडी चित्र, आणि वरच्या बेडरूममधल्या टीव्हीला त्याच डब्यातून कोॲक्सची (केबल टीव्हीला असते तशी) वायर गेलेली, तिथे साधं चित्र. वरच्या टीव्हीचा रिमोट भिंती आणि मजल्यांमधून आरपार चालतो, म्हणजे आई वर पलंगावर बसून बटण दाबतात आणि खाली हॉलमधला डबा त्यांचं ऐकतो, त्यांना याची अजून गंमत वाटते. पण डब्यात ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारे भाग, दोनच, त्यामुळे दोन रेकॉर्डिंग एकदम चालू असली की दोन्ही टीव्हींवर तेच दोन चॅनेल, तिसरं काही लावायचं तर एक रेकॉर्डिंग बंद करा. आणि बेसमेंटमध्ये टीव्ही आहे त्याला डबाच नाही, तिथे मुलगी फक्त डीव्हीडी बघते.

तुम्ही म्हणाल एवढे टीव्ही कशाला, नाशिकच्या घरात एका हॉलमध्ये आठ माणसं एका टीव्हीसमोर बसायची. खरंय. पण शिकागोच्या थंडीत संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो आणि मग सगळे घरातच, नवऱ्याला शिकागो बुल्सची बास्केटबॉल मॅच हवी (त्यांचा डेरिक रोझ गेल्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाल्यापासून तर विचारूच नका), आईंना मराठी मालिका हवी, मुलीला कार्टून हवं, आणि मला कुणी विचारत नाही. ही घरं लाकडाची, एका मजल्यावरचा आवाज दुसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येतो, पण माणसं मात्र तीन मजल्यांवर पसरलेली. अशा घरासाठीच ही होल-होम नावाची भानगड निघालीय.

हॉपरमध्ये तीन ट्यूनर आणि 2 टेराबाइटची डिस्क, आत्ताच्या 722 मध्ये 500 जीबी आहे म्हणजे चौपट. एका हॉपरला तीन जोई जोडता येतात, म्हणजे घरातले चार टीव्ही. जोईमध्ये डिस्क नाही, ट्यूनर नाही, तो फक्त हॉपरकडून चित्र घेतो, पण सगळीकडे एचडी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नवीन वायरिंग नाही. इथल्या घरांमध्ये बांधतानाच बऱ्याच खोल्यांत कोॲक्स टाकलेली असते केबल टीव्हीसाठी, त्याच वायरीवर मोका नावाच्या पद्धतीने हे डबे आपापसात बोलतात. हॉलमध्ये अर्धी मालिका बघून पॉज करायची आणि वर पलंगावर जाऊन तिथून पुढे चालू. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे खाली सुरू केलेलं भांडण वर जाऊन संपवायचं."

आता जाहिरातीत ज्याचा सगळ्यात जास्त गाजावाजा आहे ते म्हणजे प्राइमटाइम एनीटाइम. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या चार मोठ्या नेटवर्कचं रात्रीचं सगळं आपोआप रेकॉर्ड होणार, आमच्याकडे सेंट्रल टाइमला 7 ते 10, आणि आठ दिवस साठवून ठेवणार. चार चॅनेल एकदम, तेसुद्धा एकाच ट्यूनरवर! मला आधी पटेचना, मग कळलं की हे चारही चॅनेल उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपाँडरवरून (सिग्नल खाली पाठवणाऱ्या यंत्रावरून) सोडतात, एक ट्यूनर त्या ट्रान्सपाँडरला लागला की चारही त्याच्या हातात. हुशारी आहे, मान्य. पण आम्हाला काय उपयोग? आमच्या घरात हे चार चॅनेल बघतं कोण? आणि बरोबर 7 ते 10 मध्येच आमची मारामारी असते. एक ट्यूनर या चौघांना दिला, एक बुल्सला, एक मालिकेला, संपले तीन, मुलगी बेसमेंटमध्ये जोई लावून बसली की तिला लाइव्ह काही मिळणार नाही, रेकॉर्ड केलेलंच बघावं लागेल. चार टीव्ही आणि तीन ट्यूनर हे गणित मला पहिल्या दिवसापासून खटकतंय. डायरेक्ट टीव्ही या दुसऱ्या कंपनीच्या नव्या डब्यात पाच ट्यूनर आहेत, डिस्क मात्र 1 टेराबाइट. सुदैवाने हे प्राइमटाइमवालं बंद करता येतं, तर आमच्याकडे पहिल्याच दिवशी ते बंद होणार, म्हणजे ज्याची जाहिरात त्यालाच सुट्टी.

माझ्या मते आपल्या लोकांना यातलं खरं कामाचं म्हणजे एकच, रेकॉर्डिंग सगळ्या खोल्यांत दिसणं. क्रिकेट बघणाऱ्यांना विचारा. 11 तारखेपासून ढाक्यात एशिया कप आहे, तिथे दुपारी मॅच सुरू होते तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. ऑफिसच्या दिवशी कोण जागणार, रेकॉर्डला लावून झोपायचं आणि सकाळी फोन, फेसबुक काही न उघडता आधी टीव्हीसमोर बसायचं. यात आईच कधीकधी घोटाळा करतात, त्या पहाटे उठून नाशिकला फोन लावतात आणि स्कोअर कळला की स्वयंपाकघरातून जोरात जाहीर करतात.

छपरावरच्या डिशबद्दल थोडं सांगायलाच हवं कारण इथे घर घेताना आम्ही त्याचाही विचार केला होता. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, 35,786 किलोमीटरवर. नाशिकला आमच्या गच्चीवरची डिश जवळजवळ आभाळाकडे तोंड करून असते, त्यामुळे आजूबाजूला काय आहे याचा फारसा प्रश्न येत नाही. शिकागो 42 अंशावर, इथून इथले उपग्रह दक्षिणेला खाली, काही तर क्षितिजापासून तीस-पस्तीस अंशांवर, म्हणजे दक्षिणेकडे शेजाऱ्याचं मेपलचं झाड उंच असलं की संपलं. हिवाळ्यात पानं नसतात तेव्हा सिग्नल मस्त आणि मे महिन्यात पालवी फुटली की चित्राचे चौकोन. आधी आम्ही अपार्टमेंटमध्ये होतो, तिथे आपल्या बाल्कनीत डिश लावायला मालक नाही म्हणू शकत नाही असा सरकारी नियम आहे 1999 पासून, पण बाल्कनी उत्तरेला होती, नियम काय करणार? म्हणून हे घर बघताना आईबाबा फोनवर विचारत होते दार दक्षिणेला नाही ना, आणि आम्ही एजंटला विचारत होतो दक्षिण मोकळी आहे ना. बर्फ पडला की डिशवर साचतो आणि मग नवरा गॅरेजच्या छपराला शिडी लावून लांब दांड्याच्या झाडूने तो झाडतो. हॉपर आला तरी हे काम काही सुटत नाही.

मुंबईकरांनो, तुम्हीही हसू नका, तुमच्यावरही डबे येतायत. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नईला 30 जूनपर्यंत केबल डिजिटल करायची आहे ना. माझी नणंद मुलुंडला, तिच्याकडे केबलवाला एका वायरीला स्प्लिटर लावून तीन टीव्ही चालवून देतो, ते आता बंद, प्रत्येक टीव्हीला वेगळा सेट टॉप बॉक्स. ती वैतागून म्हणत होती की स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीसाठी कोण पैसे भरणार. इथेही तेच आहे हो, प्रत्येक जोईमागे महिन्याचं भाडं, फुकट काही नाही.

तर नवऱ्याची गोष्ट. मी डीलरकडे नाव नोंदवून आले, तर हा म्हणे घाई काय आहे, पहिल्या लॉटमध्ये बग असतात, दिवाळीपर्यंत थांबू. हा माणूस फोन निघाला की पहिल्या दिवशी रांगेत उभा राहणारा! परवा खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. 722 भाड्याचा आहे, हॉपर बसवला की तो कंपनीला परत जाणार, आणि त्याच्या डिस्कवर गेल्या वर्षीची 2 एप्रिलची वानखेडेवरची वर्ल्ड कप फायनल आहे, पूर्ण, एचडीमध्ये, गंभीरच्या 97 सकट. मला वाटायचं डिस्क सारखी कशी भरते! त्याने ती लॉक करून ठेवलीय, कुणी डिलीट करू नये म्हणून.

आता उपाय म्हणून एका मित्राकडून डीव्हीडी रेकॉर्डर आणायचं ठरलंय, डब्याच्या मागच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांना जोडून कॉपी करायची. एचडी जाईल पण मॅच राहील. फक्त असं आहे की ही कॉपी खऱ्या वेगानेच होते, आठ तासांची मॅच म्हणजे आठ तास हॉलमधला टीव्ही अडकलेला, मध्ये डिस्क बदलायला कुणीतरी बसलेलं, आणि नवऱ्याला वेळ फक्त येत्या शनिवारी आहे. त्याच शनिवारी दुपारी आईंनी गल्लीतल्या तिघी-चौघींना मालिकेचे राहिलेले भाग बघायला बोलावलंय. आईंना अजून कुणी सांगितलेलं नाही, तो म्हणतो तू सांग, मी म्हणते फायनल तुझी आहे.