धानाच्या गोदामातला अल्बम तयार, आता मंडईचा शो

आमच्या गॅरेज रॉक (घरगुती, खडबडीत आवाजाचं रॉक) बँडचा पहिला अल्बम मिक्स होऊन हातात आला. नऊ गाणी, २७ मिनिटं, सगळी झाडीबोलीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडच्या बोलीत. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, आमच्या गावातच, ड्रमरच्या घरच्या धानाच्या गोदामात रेकॉर्ड केली. भाऊबीज झाली की इकडं मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि आमचा पहिला शो गावच्याच मंडईत आहे.

या अल्बममध्ये सगळ्यात जास्त काम त्या गोदामानं केलंय. वर टिन, खाली सिमेंटचा कोबा, भिंतींना प्लास्टर नाही. रिकाम्या गोदामात स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) नुसता घुमत राहतो. उन्हाळी धान निघालं, तिन्ही भिंतींना धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, छातीभर उंच लागले, आणि तोच स्नेअर आखूड, टणक वाजायला लागला. कट्ट्यांच्या वर भिंत उघडी राहते, तिथून थोडी झिंग परत येते. ती हवीच होती. सहा गाणी तेव्हाच घेतली, तीही रात्री जेवणं झाल्यावर, कारण दिवसा टिनाखाली गिटार ट्यूनमध्ये टिकत नाही. मग धान विकलं गेलं, पाऊस टिनावर वाजायला लागला आणि काम थांबलं. उरलेली तीन गाणी उघडीप मिळेल तशी, रिकाम्या गोदामात. ती मोठी आणि पसरट ऐकू येतात.

दोन्ही आवाज मिक्समध्ये सारखे करावेत, असं आमच्या बासवाल्याचं म्हणणं. मी अडून बसलो. अमेरिकेतल्या टॅकोमाच्या द सॉनिक्स या गॅरेज रॉक बँडनं १९६६ साली आलेल्या दुसऱ्या अल्बमसाठी स्टुडिओच्या भिंतींवरचं साउंडप्रूफिंग उपटून काढलं होतं, आवाज जिवंत यावा म्हणून. खोली पुसून टाकली तर गॅरेज रॉकमध्ये उरतं काय? भरलेलं गोदाम आणि रिकामं गोदाम, दोन्ही अल्बममध्ये ऐकू येतात आणि मला ते फार आवडतं.

माईकचा आवाज कॉम्प्युटरात घेणारा इंटरफेस चार चॅनलचा. किकसमोर (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमसमोर) एक माईक, ड्रमवर साउंड इंजिनिअर ग्लिन जॉन्सच्या पद्धतीनं दोन: एक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूनं. दोन्ही स्नेअरपासून सारख्या अंतरावर पाहिजेत. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, अंतर वेगळं पडलं की फेज बिघडतो, म्हणजे दोन माईकांतल्या लहरी मागंपुढं होऊन एकमेकींना खातात, आणि स्नेअर पोकळ होतो. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध अंगठ्यानं दाबायचं, दुसरं ताणून आधी एका माईकला, मग दुसऱ्याला लावायचं. टेपपेक्षा हे लवकर होतं. चौथा चॅनल गिटारच्या अँपला. ड्रम आणि गिटार एकत्रच वाजवले, बास आणि गाणं नंतर चढवलं.

गाण्यासाठी भोंगा वापरला. माईक आहुजाच्या अँपमध्ये, त्यातून भोंगा, तो कट्ट्यांच्या थप्पीवर, आणि चार-पाच फुटांवरून शूरचा एसएम ५७ त्याच्याकडं रोखलेला. भोंग्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, मधली पट्टी तेवढी टोकदार निघते. फझ (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावलेल्या गिटारमधूनही शब्द न शब्द कळतो, ईक्यूला (सूर कमी-जास्त करायच्या बटणांना) हात लावावा लागला नाही. शेजारचे काकाजी दारात उभे राहून म्हणाले, "काऊन गा पोरं हो, दवंडी देऊन राहिले का?" मला तेच हवं होतं. गावात भोंग्यावरून बोललेलं सगळे कान देऊन ऐकतात.

गुणगुणीनं मात्र फार छळलं. मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची, ५० हर्ट्झची गुणगुण आणि वर तिच्या पटीतले सूर, हार्मोनिक. गोदामामागं खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून, इलेक्ट्रिशियनकडून नवीन अर्थिंग करून घेतलं. बरीच उतरली. उरली ती गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या एकाच गुंडाळीच्या चुंबकाची), ती राहू दिली.

आता मंडई. मोकळं मैदान, भिंत नाही, छत नाही, म्हणजे गोदाम तिथं नेता येत नाही. म्हणून स्टेज मोठा मिळाला तरी पसरायचं नाही असं ठरवलंय. गोदामात उभे राहतो तसंच ड्रमला खेटून, अँप पाठीशी, एकमेकांचं थेट ऐकू येईल इतक्या जवळ. गाणं भोंग्यावरच, मंडईत भोंगे असतातच. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) बंद, गाण्यावर फक्त छोटा स्लॅपबॅक, म्हणजे लगेच येणारा एकच प्रतिध्वनी. लाईन जनरेटरवरची, त्यामुळं अर्थिंग बघितल्याशिवाय आणि गिटारच्या तारा-माईकमध्ये करंट नाही हे तपासल्याशिवाय कुणी ओठ माईकला लावणार नाही. खुल्या स्टेजवर वाजवणाऱ्या सगळ्यांनी एवढं कराच.

रात्री नाटक आहे, आम्हाला त्याआधीचा तास मिळालाय. नऊही गाणी वाजवणार, रिकाम्या गोदामातली तीन शेवटी.

अल्बम पेनड्राइव्हवर विकणार आहोत, कारण इकडं गाणी ट्रॅक्टरवर वाजतात. मिक्सही ट्रॅक्टरच्या स्पीकरवर, इंजिन चालू ठेवून तपासला. बास दोनदा वाढवावा लागला. साकोली, पवनी, वडसाकडचं कुणी वाजवत असेल तर या, आणि जमलं तर एखादा जास्तीचा भोंगा घेऊन या.