हे, ते आणि द

परवा लेक इंग्रजीचा गृहपाठ करत बसली होती. गाळलेल्या जागा भरा. ए, अॅन किंवा द. मधेच मान वर करून म्हणाली, "बाबा, सूर्य एकच आहे म्हणून द सन. पृथ्वी एकच म्हणून द अर्थ. मग देव एकच आहे तर गॉडला द का नाही?"

मी चहाचा कप तोंडाला लावून थोडा वेळ काढला. आपल्याकडे तेहतीस कोटी आहेत, हे उत्तर जिभेवर आलं होतं, पण तिने ते परीक्षेत लिहिलं असतं. शेवटी म्हणालो, "ते त्याचं नाव आहे. नावाला द लागत नाही."

"मग गोदावरी हे नाव नाहीये?" गोदावरीच्या आधीच्या रिकाम्या जागेत तिने नुकताच द भरला होता, आणि तो बरोबर होता.

आता काय सांगणार? नदीला द लागतो, तळ्याला लागत नाही. म्हणजे गोदावरीला आहे, लोणारला नाही. डोंगरांच्या रांगेला लागतो, एकट्या शिखराला लागत नाही. सह्याद्रीला मिळाला आणि त्याच सह्याद्रीतलं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, १६४६ मीटरचं कळसूबाई तसंच राहिलं. इंग्रजांना विचारलं तर तेही खांदे उडवतात. त्यांना नियम माहीत नसतात, त्यांना फक्त चुकलेलं कानाला टोचतं.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं : आर्टिकल म्हणजे उपपद, निश्चित आणि अनिश्चित. पुढची कित्येक वर्षं माझ्या बाबतीत सगळीच अनिश्चित राहिली. मी आपली एक पद्धत काढली. आधी सगळा मजकूर लिहून काढायचा आणि मग पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसे वरून द भुरभुरायचे. दिसायला छान दिसायचं. पहिल्या नोकरीच्या अर्जात मी 'आय अॅम द ग्रॅज्युएट' असं लिहिलं होतं. मुलाखत घेणारे साहेब मराठीच होते. अर्ज खाली ठेवून चष्म्यावरून बघत म्हणाले, "अख्ख्या महाराष्ट्रात तुम्ही एकटेच का?"

त्या मानाने ए आणि अॅनचं भांडण आपल्याला सोपं जातं, कारण आपल्याकडे देवनागरी आहे. स्पेलिंगकडे बघायचंच नाही. शब्द देवनागरीत लिहायचा आणि पहिलं अक्षर स्वर आहे का ते बघायचं. अवर, ऑनेस्ट, एम.एल.ए. : स्वर, म्हणून अॅन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन : व्यंजन, म्हणून ए. इंग्रजी माध्यमातली मुलं यू हे अक्षर बघून अडखळतात, तिथे आपण बाराखडीच्या जोरावर सुटतो. ही युक्ती मी लेकीला फार ऐटीत शिकवली आणि दुसऱ्याच दिवशी ती 'अॅन इयर' लिहून आली. चूक तिची नव्हती. वर्षाला आपण सगळे 'इयर' म्हणतो. इंग्रज त्याच्या सुरुवातीला एक बारीक य काढतात, तो आपल्या तोंडून निसटतो. त्या यवर अर्ध्या देशाचे मार्क गेले असतील.

गंमत म्हणजे हा अॅन मुळात 'एक'च आहे. जुन्या इंग्रजीत 'आन' म्हणजे एक. बोलता बोलता तो झिजला, व्यंजनापुढे त्याचा न गळला आणि ए उरला. द तसाच 'तो-ती-ते'च्या कुळातला. म्हणजे 'ए बॉय'चं भाषांतर 'एक मुलगा' करणाऱ्या ज्या पोरांना सर हसायचे, ती पोरं इतिहासाच्या दृष्टीने अगदी बरोबर होती. त्या गळक्या नने पुढे बराच घोळही घातला. एप्रन हा शब्द आधी नेप्रन होता. 'ए नेप्रन' भराभर म्हणता म्हणता न शेजारच्या घरात गेला आणि झालं 'अॅन एप्रन'. क्रिकेटमधला अंपायरही आधी नंपायरसारखा काहीतरी होता. त्याचा न असाच गेला, आणि आपण त्याच्या डोळ्यांना नावं ठेवतो. उलट न्यूट नावाच्या पालीसारख्या प्राण्याला न फुकटात मिळाला. ऑरेंजचीही एप्रनसारखीच कथा, फक्त तिथे न इंग्लंडला पोचण्याआधीच युरोपातल्या वाटेवर हरवला. आपलं नारिंग मात्र न सांभाळून आहे.

आणि एका ए वरून केवढा गदारोळ! जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला आणि ते एका माणसाच्या छोट्या पावलाचं आणि मानवजातीच्या मोठ्या झेपेचं वाक्य बोलला. पृथ्वीवर ऐकू आलं ते 'फॉर मॅन'. आता ए नसलेला मॅन म्हणजेही मानवजातच; म्हणजे वाक्यात दोन्हीकडे मानवजात, आणि अर्थाचं पाणी. तो पुढे सांगत राहिला की मला 'अ मॅन' म्हणायचं होतं. लोक ध्वनिफितीतल्या त्या फटीत ए शोधत बसले. मराठीत आपण 'माणसाचं छोटं पाऊल' म्हणून मोकळे झालो, आपल्याला काही कमी पडलं नाही.

म्हणजे मराठीत ही सोयच नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग एकदा लक्षात आलं की आपल्याकडे ती आहे, फक्त दारावर पाटी नाही. श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. आधी 'एक राजा', मग 'त्या राजाला'. आधी ए, मग द. सरांनी आठवडाभर घासून घेतलेला नियम आम्ही आजीच्या मांडीवर फुकट शिकलो होतो.

नुसत्या शब्दांच्या जागेनेही काम होतं. 'कपाटात उंदीर आहे' म्हटलं की घरात किंकाळी उठते. 'उंदीर कपाटात आहे' म्हटलं की सगळे झाडू घेऊन येतात, कारण हा तोच, सकाळपासून शोधत असलेला. 'कुणी कुलकर्णी म्हणून आले होते' यातलं 'कुणी' आणि 'म्हणून' मिळून जो परकेपणा दाखवतात तो एकट्या ए च्या आवाक्यातला नाही. आणि सगळ्यात कमाल त्या 'ला'ची. 'मुलगी बघायला चाललोय' म्हणजे पोहे, लाजणं, पत्रिका. कुठलीशी मुलगी, अजून काही ठरलेलं नाही. 'मुलीला बघायला चाललोय' म्हणजे आपली मुलगी, आणि बहुधा दवाखान्यात. इंग्रजाने मराठी शिकायला घेतली तर तो या 'ला'पाशी बसून रडेल, असं वाटून मला जरा बरं वाटतं.

द सुद्धा आपण कधी कधी अतीच करतो. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अरे, ते हे आण, त्या ह्यातलं." दोन निश्चित उपपदं, नाम एकही नाही. आणि तरी घरातल्या कुणीतरी बरोबर फळीवरच्या डब्यातली हिंगाची डबी नेऊन दिलेली असते.

पण मराठीतलं सगळ्यात निश्चित उपपद आजीकडे होतं. आजोबांना ती फक्त 'हे' म्हणायची. हे आले. ह्यांना वांगं चालत नाही. घरात चार पुरुष वावरत असायचे, पण कोणते हे, असं कुणी कधी विचारलं नाही. आधी 'एक गृहस्थ' आणि मग 'ते गृहस्थ' असा क्रमही तिथे नव्हता; सुरुवातीपासून थेट 'हे'. नाव तिने घेतलं ते म्हणे लग्नातल्या उखाण्यात, तेवढंच. आजोबा गेल्यानंतरही वाक्यं तशीच राहिली, 'ह्यांच्या वेळी', 'हे असते तर'.

त्यांच्या पेन्शनच्या कामाला मी तिला घेऊन गेलो होतो. खिडकीमागच्या कारकुनाने पेन उचललं आणि मान वर न करता विचारलं, "पतीचं नाव?"

आजीने पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळली. "सांग रे ह्यांचं नाव."