तुम्ही विचारलंत म्हणून: निक ड्रेकचा दुसरा अल्बम

इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेक कुठून ऐकायला घ्यावा, असं कुणी विचारलं की मी त्याचा दुसरा अल्बम, 'ब्रायटर लेटर', सांगतो. मग हमखास पुढचा प्रश्न येतो: पहिल्या अल्बममध्ये इतकी देखणी गिटार असताना दुसऱ्यात हा ड्रम्स-सॅक्सोफोनचा लवाजमा कशाला?

लवाजमा आहेच. १९६९चा 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट' ऐका. डॅनी थॉम्पसनचा डबल बास, रॉबर्ट कर्बीने संयोजन केलेली व्हायोलिनं, मध्येच काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उभे ढोल. ड्रम्स जवळजवळ नाहीतच. लय सांभाळायची ती ड्रेकच्या उजव्या हाताने. 'रिव्हर मॅन' पाच मात्रांचं आहे, पण मोजायला बसल्याशिवाय पत्ता लागत नाही. लोक भाळतात ते या हातावर.

मग केंब्रिजचं शिक्षण अर्धवट टाकून तो लंडनला आला आणि गाण्यांतही शहर आलं. १९७१च्या दुसऱ्या अल्बममध्ये निर्माता जो बॉइडने फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या फोक-रॉक बँडचे डेव्ह पेग आणि डेव्ह मॅटॅक्स यांना बास-ड्रम्सवर बसवलं. लयीचा भार उतरला तसा गळा सैलावला. शब्द ठोक्याच्या किंचित मागून, रेंगाळत येतात. पहिल्या अल्बममध्ये हे इतकं जाणवत नाही.

'पुअर बॉय' घ्या. हा आपलं रडगाणं गातो आणि मागे डोरिस ट्रॉय आणि पॅट आर्नल्ड, दोघी मोठ्या गळ्याच्या, 'बिच्चारा!' म्हणून त्याचीच टर उडवतात. ओळी त्यानेच लिहिलेल्या, बरं का. एकट्याने गिटार घेऊन बसलं तर ही थट्टा जमणार कशी? चिडवायला दुसरं माणूस लागतंच. आणि 'नॉदर्न स्काय'मध्ये जॉन केलचा सेलेस्टा: पट्ट्या पियानोसारख्या, आवाज मात्र बारीक घंट्यांचा. ड्रेक इतका आनंदात मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

सगळंच उत्तम आहे असं नाही. नुसत्या वाद्यांचे तीन तुकडे आहेत, त्यातला शीर्षकाचा, बासरीवाला, मी सरळ पुढे ढकलतो. हॉटेलच्या लिफ्टमध्ये शोभेल.

विक्री यथातथाच झाली. १९७२च्या 'पिंक मून'मध्ये पुन्हा फक्त गळा आणि गिटार, एका गाण्यात तेवढा पियानो. म्हणून बरेच जण पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि ड्रेक म्हणजे कायम तोंड पाडून बसलेला पोरगा, असं ठरवून मोकळे होतात. त्यांना मी आधी 'पुअर बॉय' ऐकवतो.