पेमेंट मागायला गेलो आणि हुकूम सोडून आलो

रावेरला केळीच्या पॅकहाऊसमध्ये हिशेबाला लागलो. फण्या, वजन, 13 अंशांचा कंटेनर, सगळं अंगवळणी पडलं. नडली ती इंग्रजी मेल. दुबईच्या व्यापाऱ्याला एकदा लिहिलं, ‘यू विल रिलीज द पेमेंट टुडे’. प्रश्नचिन्ह टाकायचं राहिलं. मला विचारायचं होतं, आज पेमेंट सोडणार का? त्याने वाचला हुकूम. दोन दिवस उत्तर नाही, शेठ माझ्याकडे बघतोय.

जळगावला शिकणारी भाची सुट्टीत आली होती. तिने मेल बघून कपाळावर हात मारला. “मामा, विल आधी घ्या ना. विल यू रिलीज!”

आपल्याकडे शेवटी ‘का’ लावला की झालं, बाकी वाक्य जागचं हलत नाही. इंग्रजीत तो ‘का’च नाही, हेल्पिंग व्हर्ब, म्हणजे विलसारखं सहायक क्रियापद, उचलून कर्त्याच्या पुढे न्यावं लागतं. मी रेल्वे जंक्शनच्या भुसावळचा जावई, लगेच समजलो: इंजिन काढून पुढे जोडायचं. आणि गाडीला इंजिनच नसेल तर? “ट्रक रीच्ड यस्टर्डे”मध्ये कुठंय? मग शेडमधून डिड आणायचं: ‘व्हेन डिड द ट्रक रीच?’ मी महिनाभर ‘डिड रीच्ड’ लिहिलं. भूतकाळ डिडने उचलला की मागचं क्रियापद मोकळं, हे डोक्यात बसेना.

बसलं तसं भलतीकडेच इंजिन जोडायला लागलो. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज द ट्रक.’ भाची फोनवर हसली. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की अदलाबदल नाही: ‘व्हेअर द ट्रक इज’. ‘हू लोडेड द ट्रक?’ मध्येही नाही, कारण हू हाच कर्ता, तो आधीच पुढे बसलाय.

गंमत म्हणजे बारावीला ‘नो सूनर डिड द बेल रिंग’ मी मार्कांसाठी घोकलं होतं. तिथेही डिड कर्त्याच्या पुढेच. नो सूनर, हार्डली, नेव्हर असा नकारी शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की हेच होतं, प्रश्न नसतानाही. वीस वर्षं ते डोक्यात पडून होतं आणि सरांनी कधी दोन्हींची गाठ घालून दिली नाही.

मेल आता बरी जाते. फोनवर मात्र अजून ‘यू आर सेंडिंग टुडे?’च निघतं. तिथे चालतं, शेवटी आवाज चढवला की गोऱ्यालाही प्रश्नच ऐकू येतो.